आईची चूल

ओल्या बाभळीच्या धुराचा वास आला की सायखेड्याच्या घरामागची ती सकाळ आठवते. आई पहाटे वारली होती आणि तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला मला परसात दगड मांडायला सांगितलं होतं. मला काहीच वाटत नव्हतं. हंडा डुगडुगू नये म्हणून मी दगडांखाली चिपा सारल्या, माती कालवली आणि फटी लिंपायला लागलो. शेजारची काकू हळूच म्हणाली, "लिंपू नको रे भाऊ, ही चूल ठेवायची नाय. पाणी तापलं की मोडायची." परसात एक दगडी चूल बांधून दे, असं आई दोन वर्षं म्हणत होती आणि मी दर वेळी पुढचा रविवार सांगत होतो. पाणी उतरवल्यावर चूल मीच मोडली. त्या दिवशी रडल्याचं आज आठवत नाही. दगड लवकर सुटत नव्हते, एवढंच आठवतं.