जुन्या मास्कची बुडी

"हे भंगार तोंडाला लावून तुम्ही विहिरीत उतरणार, मास्तर?"

ठाणेदारांनी माझा मास्क दोन बोटांत धरून उचलला होता, मेलेला उंदीर धरावा तसा.

मी म्हटलं, "साहेब, तो तुमच्या नोकरीपेक्षा जुना आहे. जरा जपून धरा."

लोक हसले. ठाणेदार हसले नाहीत. भर दुपार होती. तिवशाकडच्या एका गावात संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीवर आम्ही उभे होतो. सहा दिवसांपूर्वी त्याच विहिरीत प्रकाश सापडला होता.

मी रज्जाक. अमरावतीत एका क्लबच्या स्विमिंग टँकवर कोच होतो, आता रिटायर झालो. प्रकाश पंप मेकॅनिक. आमच्या टँकच्या फिल्टरची मोटर बिघडली की तोच यायचा. काम झालं की कपडे काढून टँकमध्ये एक लांब बुडी मारायचा आणि दुसऱ्या टोकाला निघायचा. पट्टीचा पोहणारा. माझा मास्क लावून तळाची जाळी पाहायची त्याला भारी हौस.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं वऱ्हाडात कोणी विसरलेलं नाही. रोजच्या पेपरात एक नवा फोटो असायचा. विहिरीत माणूस सापडला की काय झालं असेल हे विचारायची पद्धतच उरली नव्हती. प्रकाशच्या नावावर सातबाऱ्यात दोन एकर होते, कसायचा त्याचा भाऊ. तेवढं पुरलं. जमादारानं पंचनाम्यात लिहून टाकलं, जीव दिला. गाव म्हणालं, बाईला सरकारी मदत तरी मिळेल, लेकरं शिकतील. बहुतेकांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी कबूल करतो.

त्याची बायको सुनंदा आदल्या दिवशी सकाळी टँकवर आली. डोळे कोरडे. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमच्यापाशी तो पान्यातला चष्मा हाय ना? यायनं सांगतलं होतं मले."

"हाय. काहून?"

"त्या विहिरीत खाली काय हाय ते मले पाहून द्या. लोक म्हनते जीव देल्ला. अजी, घरून निंगताना म्हने, दोन वाजता लाइन येते, तेवढ्यात बगीचेवाल्याची मोटर चालू करून देतो, मंग जेवाले येतो. जीव द्याले जानारा मानूस लाइनचा टाइम पाहून जाते का?"

मी म्हटलं, "सुनंदाबाई, मदत मिळणार आहे म्हणतात."

"ते घेऊन लेकरायले काय सांगू? तुमचा बाप जगनं सोडून पयाला म्हनून?"

तिनं आणखी एक सांगितलं. बगीचेवाला उद्याच विहीर उपसणार होता. माणूस गेलेल्या विहिरीचं सगळं पाणी काढून टाकल्याशिवाय ते पाणी कोणी वापरत नाही. उपसण्याआधी जुना पाइप ओढून बाहेर काढणार, दुसरं इंजिन बसवणार. म्हणजे खाली जे काही असेल ते दगडांना घासून पडणार, नाहीतर चिखलात जाणार. मग बाई ओरडली तरी कोण ऐकतो?

क्लबच्या सेक्रेटरींना कुठून कळलं कोण जाणे. संध्याकाळी त्यांनी ऑफिसात बोलावलं.

"मास्तर, पोलिसांच्या भानगडीत क्लबचं नाव नको. आणि क्लबची वस्तू बाहेर नेता येणार नाही."

"मास्क माझा आहे, साहेब."

"पण तुम्ही तर क्लबचे आहात ना?"

"उद्या रजेवर आहे."

"रजा मंजूर नाही."

"मग नामंजूर रजेवर आहे," म्हणालो आणि निघालो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षं त्या टँकमध्ये पोरांना वाचवलं, आणि एका मेलेल्या माणसासाठी एक दिवस देता येत नव्हता.

आता या मास्कबद्दल सांगतो. तरुणपणी कोचिंग कॅम्पसाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा जुन्या बाजारात घेतला. जाड काळं रबर, पुढे एकच अंडाकृती काच, काचेभोवती स्टीलची पट्टी आणि वर एक स्क्रू. सोबत स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी. तिच्या टोकाला छोट्या पिंजऱ्यात पिंगपाँगचा चेंडू. नळी पाण्यात गेली की चेंडू तरंगून तोंड बंद करतो. क्लबची पोरं त्याला हसायची. हसू द्या. रबर तडकलं की मीच पॅच लावायचो. माझ्या अब्बांचं अकोल्याला सायकलचं दुकान होतं, पंक्चर काढत काढत मी मोठा झालो.

लोक विचारतात, पोहायचा गॉगल का नाही? गॉगल फक्त डोळ्यांवर बसतो. खोल गेलं की पाणी त्याला डोळ्यांवर दाबतं, बुबुळं बाहेर येतील असं वाटतं. मास्कमध्ये नाकही आत असतं. नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. आणि नुसते डोळे उघडून पाहिलं तर पाण्यात सगळं धूसर. डोळ्यापुढे हवा असेल तरच नीट दिसतं.

तर विहीर. ठाणेदार काही हौसेनं आले नव्हते. सुनंदा सकाळपासून ठाण्यात बसून राहिली होती, उठेचना, म्हणून आले. जमादार आणि दोन पंच सोबत. बगीचेवाला मात्र माझ्या मागेमागे.

"मास्तर, जाऊ द्या ना बाप्पा. गेलेला मानूस गेला. झाडं सुकून राहिली माही."

"तुम्हीच बोलावलं होतं ना त्याला मोटर पाहायला?"

"बोलावलं होतं. मंग? मी का ढकललं त्याले?"

"एकट्यालाच उतरवलं?"

त्यानं तोंड झाडांकडे फिरवलं. त्याची तगमग मला तेव्हा कळली. जीव दिला असं लिहिलं की प्रश्न संपला. कामावर मेला असं लिहिलं की कोणाच्या कामावर, हे विचारलं जाणार.

मी कंबरेला दोर बांधला, काचेवर आतून थुंकलो आणि बोटानं चोळलं. एक म्हातारा कळवळला, "अरे, विहिरीत थुकतं का?"

"विहिरीत नाही काका, माझ्या चष्म्यात. काचेवर वाफ धरत नाही मग."

तीन पुरुष पाणी होतं, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. उजेड खाली पोचत नव्हता. सुनंदानं घरून कपाटाचा आरसा आणला होता. विहिरीत भांडं पडलं की खेड्यात आरशानं ऊन आत पाडून पाहतात, ती रीत तिला माहीत होती. काठावर बसून तिनं आरसा धरला. उन्हाचा एक पट्टा सरळ पाण्यात गेला.

मी आधी स्नॉर्केल तोंडात धरून पालथा तरंगलो. डोकं वर न काढता दहा मिनिटं नुसतं पाहिलं. पंपाचा लोखंडी पाइप खाली गेलेला दिसत होता. त्याच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून बसवलेली झडप, खाली कचरा अडवायची जाळी. झडपेत काडी अडकली की मोटर नुसती फिरते, पाणी ओढत नाही. प्रकाशला बोलावलं होतं ते याचसाठी.

पहिल्या बुडीत काही दिसलं नाही, गाळ उठला. वर येऊन थांबलो. वरून बगीचेवाला म्हणाला, "पाहा, म्हटलं होतं ना?" मी दोर धरून सावकाश दम घेतला. दुसऱ्या बुडीला अर्ध्यावर मास्कचा पट्टा तुटला. जुनं रबर, तेही शेवटी थकलं. डाव्या हातानं मास्क तोंडावर दाबून धरला आणि तसाच खाली गेलो. आता वर गेलो तर हे लोक पुन्हा उतरू देणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

व्हॉल्व्ह दिसला. जाळीच्या चार बोल्टपैकी दोन निघालेले. तिसऱ्याच्या नटावर पाना घट्ट बसलेला, दांड्याला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक पाइपाला बांधलेलं. हातातून सुटला तर गाळात जाऊ नये म्हणून.

पाण्यात रडता येत नाही म्हणतात. येतं. मास्क असेल तर चांगलंच येतं.

मी काही हलवलं नाही. वर येऊन मास्कच्या तुटक्या पट्ट्याला गाठ मारली आणि तार मागितली. तिसऱ्या बुडीत पाना जसा होता तसाच नटाला तारेनं आवळून टाकला. मग ठाणेदारांना म्हटलं, "चेन पुली लावा. पाइप हळूहळू वर घ्या. पंचांना जवळ उभं करा."

पाइप वर यायला तास लागला. व्हॉल्व्ह काठावर आला, पाना तसाच नटावर. ठाणेदारांनी स्वतः वाकून पाहिलं.

"जमादार, मयताच्या खिशात काय मिळालं होतं?"

जमादारानं कागद काढून वाचलं, "थोडी चिल्लर, दोन नट-बोल्ट."

त्यांनी ते ठाण्यातून मागवले. एकेक जाळीच्या भोकात घालून पाहिला. बसला.

तरी त्यांनी मला विचारलं, आणि विचारणं बरोबरच होतं, "मास्तर, एवढा पोहणारा माणूस बुडेल कसा?"

"साहेब, असाच बुडतो. एक बोल्ट काढायला चार बुड्या. प्रत्येक बुडीआधी भराभर मोठे श्वास घ्यायचे. त्यानं काय होतं, हवा संपत आली तरी शरीराला कळत नाही. तडफड नाही, इशारा नाही. दिवा विझावा तशी शुद्ध जाते. नवशिका घाबरून आधीच वर येतो. हे होतं ते चांगल्या पोहणाऱ्यालाच. काठावर एक माणूस असता तर त्यानं याला ओढून काढलं असतं."

बगीचेवाला खाली बसला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात नवा कागद झाला. मलाही सहीला बोलावलं होतं. जमादारानं लिहिलेलं सुनंदानं हातात घेतलं आणि बोट ठेवून सगळं वाचलं. अपघाती मृत्यू, बरोबर. मग बोट थांबलं.

"हे काय लिवलं? व्यवसाय शेती?"

"बाई, सातबारा आहे ना नावावर. राहू द्या. निदान शेतकरी अपघात विम्याचा अर्ज तरी..."

"त्यायनं कधी नांगर धरला नाही. पंप मेकॅनिक लिवा."

ठाणेदार मऊ आवाजात म्हणाले, "ताई, फाईल बंद होईल. काही मिळणार नाही."

"होऊ द्या बंद. मेकॅनिक लिवा."

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा ना मग. स्पेलिंग सांगू का?"

त्यानं खोडलं आणि लिहिलं. तिनं सही केली. मदत मिळाली नाही. बगीचेवाल्यावर केस उभी राहिली का, तर नाही. सुनंदा नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात कामाला लागली आणि मला क्लबकडून मेमो आला. सहा महिन्यांची वेतनवाढ गेली. गेली तर गेली.

या धंद्यात एवढंच शिकलो. पाण्यात एकट्यानं उतरू नये, आणि काठावरून पाहणाऱ्यानं तळाचं लिहू नये.