पहिलं इन्सुलिन

मूत्रपिंडं थकलेली, हृदय अशक्त, त्यामुळे बाबांना आता मधुमेहाच्या गोळ्या चालेनात. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि मला बजावलं, "साखर एकदम उतरली तर हात थरथरतील, घाम फुटेल. लक्ष ठेवा."

सकाळी बाबांनी सदरा वर केला. पोटाची पातळ, सैल कातडी मी चिमटीत धरली आणि तशीच थांबले. लहानपणी माझ्या पायातला काटा काढताना हा माणूस फुंकर घालायचा. त्याच्या अंगात आता मी सुई खुपसणार होते. इन्सुलिनच्या पेनवरचा डोसचा आकडा मी पुन्हा पाहिला. चुकून जास्त गेलं तर?

"टोच गं," बाबा म्हणाले. मी टोचलं.

लगेच उपम्याची बशी पुढे ठेवली. चमचा उचलताना त्यांचा हात थरथरू लागला. घाईघाईने त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासली. ती ठीक होती.

"मग हात का थरथरतोय, बाबा?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "भीती वाटतेय गं."

आपल्या बापालाही भीती वाटते, हे मला या वयात कळत होतं.

"उद्याही तूच टोचशील ना?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणाले. मग चमचा उचलून उपम्याचा घास त्यांना भरवला.