मुक्या डब्ल्यूचं कुटुंब

इंग्रजीचा मला राग आहे, आणि तो आजचा नाही. लोक म्हणतात, जगाची भाषा आहे, शिकून घ्यावी. मी शिकले होते. घसा कोरडा पडेपर्यंत घोकलं होतं, म्हणून तर राग आहे.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. नागपुरात आमच्या गल्लीत घरटी एक हातमाग. बाबा मागावर बसायचे, आई आणि मी कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यातल्या नळीवर सूत गुंडाळत बसायचो. मी मॅट्रिक झाले आणि उमरेडचं स्थळ आलं, तेही विणकरांचंच. म्हणजे इथल्या कांड्या सोडायच्या आणि तिथल्या भरायच्या. मी अडून बसले की नोकरी करीन. तेव्हाच हातमागाच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती, परीक्षा इंग्रजीची. नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाबा मात्र म्हणाले, "एक डाव देऊन पाह्य. नाही जमलं तं मंग उमरेड." एकच डाव होता आणि तो इंग्रजीच्या हातात होता.

शिकवायला पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त हेडक्लार्क तयार झाले. फी घेत नसत, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलायची मला चोरी आहे. पण त्यांची पद्धत अशी की शब्द अर्थानं नाही, अक्षरांनी लावायचे. एकसारखी अक्षरं असलेले शब्द म्हणजे एक कुटुंब. त्यातलं त्यांचं लाडकं कुटुंब डब्ल्यू-आरचं. "इथे डब्ल्यू मुका असतो," ते सांगायचे, "लिहायचा, पण उच्चारायचा नाही."

मुका आहे तर लिहायचा कशाला, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, प्रश्न विचारणारे पास होत नाहीत. मग मी घोकत सुटले. राइट म्हणजे लिहिणे. राँग म्हणजे चूक. रिस्ट म्हणजे मनगट. रेन म्हणजे एक पक्षी. कसला पक्षी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला रेन म्हणजे पाऊस एवढंच माहीत. आणि डब्ल्यू-आर-ए-पी रॅप, रॅप म्हणजे गुंडाळणे. हा शब्द मला पहिल्या फटक्यात पाठ झाला. दिवसभर दुसरं करत काय होते मी?

परीक्षेचा कागद सायक्लोस्टाइल केलेला होता, शाई पुसट, अर्धी अक्षरं फुटलेली. वीस शब्दांचे मराठी अर्थ लिहायचे होते. अकरावा शब्द होता डब्ल्यू-ए-आर-पी. मी थांबले. असा शब्द आमच्या कुठल्याच कुटुंबात नव्हता. मग लक्षात आलं की टाइप करणाऱ्यानं आर आणि ए यांची अदलाबदल केली आहे. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सरकारी माणसाची चूक मला सापडली होती. मी प्रश्नातलं स्पेलिंग खोडलं, वर ठसठशीत अक्षरात बरोबर लिहिलं आणि पुढे अर्थ लिहिला, गुंडाळणे.

दुपारी तोंडी परीक्षा होती. साहेबांच्या पुढ्यात माझाच कागद. त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"माग चालवतात."

"आणि तुम्ही आमचं स्पेलिंग सुधारलंत." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "हा शब्द वॉर्प आहे. वॉर्प म्हणजे ताणा."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांचा राग करता आला असता. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. रोज सकाळी आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरलेला असायचा. चालायला शिकले तीच मी त्याच्याखालून वाकून. अख्ख्या कचेरीत तो शब्द माझ्याइतका कुणाचा नव्हता, आणि मी तो चूक म्हणून खोडला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आले तेव्हा बाबा तुटलेला धागा जोडत होते. माझं तोंड पाहून म्हणाले, "काहून रडून राहिली वं? काय इचारलं साहेबानं?"

"ताण्याचा शब्द विचारला."

बाबांचे हात थांबले. "ताण्याले इंग्रजीत शब्द हाये?"

"आहे. वॉर्प."

"वारप," बाबा म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग असे हसले की आई आतून बाहेर आली. "आपल्या ताण्याचं इचारलं वं हिले. मंग तं तुले आलाच असन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो."

निवडलेल्यांची यादी लागली, तीत मी नव्हते. मी गप्प राहिले, बाबा राहिले नाहीत. त्यांनी गल्लीत घरोघरी सांगितलं की पोरीले सगळं आलं, ताण्याचा शब्दही आला, तरी वशिल्याचा माणूस घेतला. त्या कचेरीला त्यांनी तोंडभर शिव्या दिल्या. ते हेडक्लार्कही मान डोलवायचे. बाबांना खरं सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज कांड्या भरत बसायचे.

पुढे उमरेडला लग्न झालं. पंगतीत बाबांनी माझ्या सासऱ्यांना हीच गोष्ट पहिल्यापासून ऐकवली, "वारप" दोनदा म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "इतकी हुशार पोरगी देऊन राहिलो तुमाले." मी मान खाली घालून बसले होते. बायका म्हणाल्या, नवरी लाजते आहे.