तिया पर्पेतुआचं माफीपत्र

तिया पर्पेतुआ म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. आमच्या इलोइलो शहरातल्या एका मोठ्या दुकानात, चपला-बुटांच्या विभागात, ती सतरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखर उभी, कारण तिथल्या बायकांनी बसायचं नाही असा नियम. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चाल बघूनच ती म्हणायची, "सदतीस. पण डावा पाय जरा मोठा." आणि डावा मोठाच निघायचा.

मला नकला येतात. फादरांचा खोकला, मासळीवालीची हाक, काय म्हणाल ते. पण सगळ्यात भारी जमतात ते सर रोहेलियो, तियाचे मॅनेजर. आमच्या इलोइलोत माणसं भांडतातसुद्धा गाण्याच्या चालीत; सर तर रागावताना अंगाईच म्हणायचे. "पर्पेतुऽआ, खुर्ची गिऱ्हाइकासाठी असते नाऽ? मग तुम्ही गिऱ्हाईक आहात काऽ?"

तियाच्या वाढदिवसाला तिची सुट्टी होती. मी तिचा गणवेश चढवला, पोटाला उशी बांधली आणि सर झाले. वाढदिवसाच्या लांब शेवया ताटात तशाच राहिल्या, सगळे हसून लोळत होते. तियानं डोळे पुसत व्हिडिओ काढला आणि फेसबुकवर टाकला.

"फक्त ओळखीच्यांनाच दिसतो गं," ती म्हणाली.

ओळखीच्यांत अर्धं दुकान होतं. आणि सरसुद्धा. वरच्या माणसाची मैत्रीची विनंती आमच्यात कोण नाकारतं?

तिसऱ्या दिवशी तिच्या हातात कागद पडला. कंपनीचं चिन्ह असलेला गणवेश वापरून कंपनीची बदनामी केली. पाच दिवसांत लेखी खुलासा द्या.

"काही लिहू नकोस हं! आधी वकिलाला विचार," शेजारची नेनीता म्हणाली.

"वकील कशाला? मी काय गल्ला फोडलाय? सर वयानं मोठे आहेत. आधी माफी, मग बाकीचं."

आमच्याकडे शेजारी मीठ मागायला गेलं तरी आधी क्षमा मागतात. तियानं दोन्ही बाजू भरून माफी लिहिली. सरांचं मन दुखावलं, चूक सर्वस्वी माझी, शिक्षा मान्य. व्हिडिओ घरचा, सुट्टीच्या दिवशीचा, हे लिहायला जागाच उरली नाही.

"आणि नक्कल मी केली, ते?" मी विचारलं.

"पोरीचं नाव कशाला कागदावर? तू अभ्यास कर."

आठवड्याभरात तिला काढून टाकलं. मग नेनीतानंच एक वकील गाठून दिला आणि आम्ही मजूर लवादाकडे गेलो. सुनावणीत कंपनीच्या वकीलबाईंनी व्हिडिओ लावला. लवादाचे साहेब ओठ दाबून हसले! मला इतका आनंद झाला की विचारू नका. वाटलं, जिंकलो.

मग बाईंनी माफीपत्र वाचलं. सपाट आवाजात, चाल नाही, काही नाही. "'चूक सर्वस्वी माझी.' सही तुमचीच?"

"हो, मॅडम. क्षमा असावी."

आमच्या वकिलांनी डोळेच मिटले.

चार महिन्यांनी निकाल आला, विरोधात. घरातल्या थट्टेवरून भांडता आलं असतं, वकील म्हणाले, पण कबुली तिच्याच अक्षरात होती.

आता दुकान उघडायच्या वेळेला तिया केस घट्ट बांधते आणि घराच्या दाराशी उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत. बाबा खुर्ची पुढे सरकवतात. "मानांग, बस ना गं." थोरल्या बहिणीला ते मानांगच म्हणतात.

"राहू दे. पाय कुठे दुखतायत?"

पायांवरची सूज आम्हाला दिसते.

वाढदिवसापासून मी सरांची नक्कल केली नव्हती. काल केली. पोटाला उशी नाही, गणवेश नाही, नुसता आवाज. "पर्पेतुऽआ, बसाऽ आता."

तिया दचकली. तिनं मागे हात नेऊन खुर्ची चाचपली.

"हो, सर. क्षमा असावी," ती म्हणाली, आणि बसली.