गोड्या विहिरीचं कोडं

लग्नानंतर मी पुण्याहून चेन्नईला आले. नवरा ओरगडमच्या मोटार कारखान्यात होता, आणि मला नुंगंबाक्कमच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. शहरात पाण्याची भयंकर टंचाई होती, टँकरचा भोंगा ऐकला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण संशोधक राहायची. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून शहरातल्या विहिरींपर्यंत कुठवर पोचलंय, हे ती शोधत होती. पण अनोळखी घरी जाऊन पाणी मागितलं की लोक तिला दारातूनच परत पाठवत. मी म्हटलं, माझ्या नववीच्या मुली शहरभरातून येतात, आपापल्या घरच्या विहिरीचं पाणी त्या आणतीलच की.

ती वर्गात आली आणि सगळ्यांची 'संशोधक बाई' झाली. बॅटरी, वायर, दोन स्क्रू आणि एक छोटा एलईडी दिवा एवढ्यावर तिने मुलींकडून एक यंत्र करून घेतलं. स्क्रू खाऱ्या पाण्यात बुडवले की दिवा लख्ख, गोड्या पाण्यात अगदी मंद. त्या दिवशी घंटा होऊनही कुणी जागेवरून हललं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेच्या टेबलांवर बाटल्याच बाटल्या. समुद्राजवळच्या घरांच्या पाण्यात दिवे झगझगीत पेटत होते. फक्त समुद्राला लागूनच असलेल्या ट्रिप्लिकेनहून येणाऱ्या एका मुलीचा दिवा जेमतेम दिसत होता. तंजावरी मराठी घरातली ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. बाकीच्या म्हणाल्या, हिने नळाचं पाणी आणलं. तिचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे येऊन ती तमिळ हेलाच्या जुन्या मराठीत म्हणाली, "मिस, हें आमचे विहिरीचेंच तण्णी. तुम्ही या, पाहा."

आम्ही गेलो. संशोधक बाईंनी आपल्या खऱ्या यंत्राने तपासलं, आणि पाणी गोडच निघालं. शेजारची विहीर मात्र खारट. मुलगी दोन्ही अंगणांतून फिरून आली आणि म्हणाली, आमच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने विहिरीत सोडलंय, त्यांच्याकडे तसा पाइप नाही.

"असेल. पण एका विहिरीवरून मी काही म्हणू शकत नाही," संशोधक बाई म्हणाल्या. "अजून घरं शोधाल?"

मग काय, वर्गच गल्ल्यागल्ल्यांतून पाइप शोधत हिंडला. पाइपवाल्या बहुतेक विहिरी गोड निघाल्या. एक निघाली खारट, आणि तिच्यावरून जो वाद रंगला तो मधल्या सुट्टीतही चालू राहिला. शेवटी ट्रिप्लिकेनची मुलगीच उठून उभी राहिली.

"याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही," बाई म्हणाल्या. "मलाही माहीत नाही."

वर्गात टाळ्या वाजल्या. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही, याचा इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

परीक्षेच्या सुमारास बाई प्रयोगशाळेत मोठा नकाशा घेऊन आल्या. त्यावर प्रत्येकीच्या विहिरीचा ठिपका होता. मुली एकमेकींच्या खांद्यांवरून वाकून आपापलं घर शोधत होत्या. ट्रिप्लिकेनच्या मुलीला आपला ठिपका लगेच सापडला. त्यावर बोट ठेवून ती नकाशा बघायला आलेल्या सातवीच्या मुलींना घडाघडा तमिळमध्ये सगळं समजावत राहिली, आणि मी शिपायाला सांगून प्रयोगशाळा शाळा सुटल्यावरही तासभर उघडीच ठेवली.