घरात राहणारी माणसं : तीन

जनगणनेच्या घरयादीच्या कामासाठी माझं नाव लागलं, तेव्हा शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांनी माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मला मात्र मनातून बरंच वाटलं. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे. फ्रिजच्या दारावर आठवड्याच्या भाज्या, औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतली औषधं आणि ती कधी संपणार त्या तारखा, माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. नवरा म्हणतो, "तू देवापुढेसुद्धा यादीच वाचत असशील." वाचते, पण छोटी असते.

मला कुंभवलीचा भाग मिळाला. कारखान्यांच्या कुंपणाला लागून चाळी, चाळींच्या मागे गावातली जुनी घरं. घरं कशी आहेत, त्यांत किती माणसं राहतात, कशावर रांधतात, पाणी कुठून भरतात, एवढं सगळ्या राज्यातून गोळा होणार होतं, आणि त्यातला एक कोपरा माझ्या वाट्याला होता. प्रशिक्षणात एक गोष्ट आमच्याकडून पाठ करून घेतली. एका छपराखाली राहतात म्हणून कुटुंब एक होत नाही, नात्यातले आहेत म्हणूनही होत नाही. ज्यांचं जेवण एका चुलीवर शिजतं ते एक कुटुंब. मला ही व्याख्या फार आवडली. तिच्यात रडारडीला जागा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी चाळीतल्या एका खोलीपाशी अडले. आठ जण राहत होते. चौघे कामावर, तिघे रात्रपाळी करून जमिनीवर झोपलेले, एक तेवढा जागा, तांदूळ धूत बसलेला. कोणी कोणाचं नात्यातलं नव्हतं, पण जेवण एकत्र. म्हणजे नियमाप्रमाणे एक कुटुंब. मी विचारलं, "घर का मुखिया कौन है?"

त्यानं हात थांबवला. "मुखिया? ऐसा तो कोई नहीं." मग जरा विचार करून म्हणाला, "जिसका कुकर है, उसी का लिख दीजिए, मैडम."

कुकरवाला झोपलेल्यांत होता. नंतर येते, असं मी म्हणेपर्यंत यानं त्याला पायानं हलवलंही. "उठ बे, तू बाप बन गया."

तो डोळे चोळत उठला, नाव सांगितलं, आपण कशाचे प्रमुख झालो तेही विचारलं नाही. पुढचा प्रश्न लग्न झालेल्या जोडप्यांचा होता. आठांपैकी पाच जणांची लग्नं झालेली. "और जोड़े कितने?" "जोड़ा तो गाँव में है, मैडम." मी शून्य लिहिलं. पाच लग्नं आणि शून्य जोडपी. बाहेर आल्यावर चपला घालताना तो आकडा उगीच पुन्हा एकदा तपासून पाहिला. बरोबर होता.

मागच्या एका घरात दोन भाऊ राहत होते, मधे भिंत नाही, दार एक, पण गॅस दोन. मी दोन कुटुंबं म्हटल्यावर धाकट्याची बायको घाईघाईनं म्हणाली, "आमी वेगळं नाय हो बाई. नुसता गॅस वेगळा हाय." मोठी जाऊ आतून म्हणाली, "लिवा, लिवा. खरं तेच लिवा." मी दोन लिहिली.

हे सगळं मी संध्याकाळी आईला सांगायची. आई तेव्हा आमच्याकडे बोईसरला होती. तीन महिन्यांपूर्वी शिरगावला विहिरीजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरून पडली आणि डावं मनगट मोडलं. बाबा गेल्यापासून ती तिथं एकटीच. घर, मागची वाडी, दहा-बारा नारळ, जास्वंदी, चिंचेचं एक झाड. मी तिला त्याच दिवशी घेऊन आले. मुलीला नुकतीच पुण्यात नोकरी लागली होती, तिची खोली रिकामी होती. पलंग भिंतीला लावला, न्हाणीघरात दांडा बसवून घेतला, गोळ्यांचा तक्ता चिकटवला. प्लास्टर निघालं तरी आई राहिली. राहिली असं मी धरून चालले.

आई उजव्या हातानं वाल सोलत माझ्या गोष्टी ऐकायची. कुकरवाल्याच्या गोष्टीला खूप हसली. मग एकदा विचारलं, "आन् घराला कुलूप असलं तर?"

"पुन्हा जायचं. शेजाऱ्यांना विचारायचं. तिथं कोणी राहतच नाही असं कळलं, तर रिकामं म्हणून लिहायचं."

"रिकामं," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

मी उठून भाताला पाणी ठेवलं. तेव्हाच थांबून तिच्याकडे बघायला हवं होतं.

आपल्या घराची माहिती आपणच मोबाइलवर भरायची सोय होती. मी ती पहिल्याच दिवशी भरून मोकळी झाले होते. घरात राहणारी माणसं : तीन. मुलीला वगळलं, कारण ती पुण्याला राहते, तिला तिकडे मोजणार. आईला धरलं. दोन मिनिटांत काम झालं.

मग एका रविवारी शिरगावच्या शेजारणीचा फोन आला. ती मासळी विकते, आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. फोन ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा, मी पोळ्या लाटत होते.

"ताय, मास्तर आलता मोजायला. इथं कोन ऱ्हातं इचारीत होता. मी सांगितलं, काकू ऱ्हाते, लेकीकडं गेलीय, येनार हाय. तो बोलला गुरवारी परत येतो, तवा कोनतरी पायजे. नायतर रिकामं लिवील."

"बरं, मी बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं. माझ्या मनात होतं, की त्या गुरुजींना सांगायचं, आई इकडे असते, इकडे मोजली आहे. दोनदा मोजली जायला नको.

फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. "काय बोलनार हायस त्याला?"

मी लाटणं चालू ठेवलं.

"माझं नाव तू कुठं लावलंस?"

"नावं नाही विचारत सगळ्यांची. आकडा विचारतात."

"मग आकडा किती दिलास?"

"तीन."

तिनं बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखी थांबली. "तू, जावई. आन् पोर पुन्याला. तिला धरली?"

"नाही. ती तिकडे राहते ना."

"म्हंजे पोर गेली तिथं मला बसवलीस."

हे असं नाही, हे सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. डॉक्टर काय म्हणाले ते. विहिरीची फरशी. सिलिंडर कोण लावणार. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा काय. मी एकेक करून सगळं सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. आईनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "हे बरोबर हाय तुझं. पन मला इचारलंस का?"

पोळी करपली. मी गॅस बंद केला.

त्या पंधरवड्यात मी दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारत होते, इथे कोण कोण राहतं. कोणाचंही उत्तर मी मनानं लिहिलं नव्हतं. जावांच्या भांडणात मी माझं मत घातलं नव्हतं. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसालासुद्धा त्याचं नाव त्याच्याच तोंडून विचारून घेतलं होतं. आणि स्वतःच्या घरात, जिथं उत्तर देणारं माणूस तीन फुटांवर वाल सोलत बसलं होतं, तिथं मी उत्तर आधीच भरून ठेवलं होतं. माझी फार मोठी चूक झाली असं तेव्हा वाटलं नाही, हेही सांगते. राग आला. एवढं सगळं केलं त्याचं हे, असं वाटलं. राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या दांड्याकडे लक्ष गेलं. आईचा पंचा टाकण्यापुरताच त्याचा उपयोग होत होता. तो कुठल्या उंचीवर हवा, तेही मी तिला विचारलं नव्हतं. तिला तो उंच पडत होता.

गुरुवारी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बोईसरहून पालघर, तिथून शिरगावची रिक्षा. मी एक पिशवी भरली होती, संध्याकाळी परत येताना लागतील अशा वस्तूंची. आईनं दुसरी भरली होती. तिच्या पिशवीत तिच्या सगळ्या साड्या होत्या. रिक्षात दोन्ही पिशव्या आमच्या मधे होत्या आणि आम्ही दोघी बाहेर बघत होतो.

शेजारणीनं घर झाडून ठेवलं होतं. तिच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. "आली का मालकीन?" ती तिथूनच म्हणाली. "बरं झालं. तुझ्या चिंचेनं माजं अंगान भरवलंय. रोज झाडून झाडून कंबर गेली."

"मग खायची होतीस," आई म्हणाली.

"तुजी चिंच? दात आंबलं."

आई थेट स्वयंपाकघरात गेली. रेग्युलेटर बसवायला डाव्या हाताची साथ मिळेना. मी पुढे झाले आणि थांबले, हात मागे घेतले. तिनं सिलिंडर गुडघ्यांनी धरला, कोपरानं रेग्युलेटर दाबला, उजव्या हातानं फिरवला. पहिल्यांदा नाही बसला. दुसऱ्यांदा बसला. मग तिनं चहाचं आधण ठेवलं.

गुरुजी आले ते तरुण होते, घामानं भिजलेले. मी त्यांना माझंही हेच काम चालू आहे असं सांगितलं नाही. त्यांनी भिंती, छप्पर, फरशी, खोल्या सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "आजी, इथे किती जण राहता?"

आईनं माझ्याकडे बघितलं. परवानगीसाठी नाही. वर्गात एखादी मुलगी उत्तर देण्याआधी शेजारचीकडे बघते, ही मधे बोलणार नाही ना, तसं. मी खिडकीकडे पाहत राहिले.

"एक."

"कायम इथेच असता?"

"मधे तीन म्हयने लेकीकडं व्हते, हात मोडलेला. आता आले. आता इथंच."

गुरुजी माझ्याकडे वळले. "तुम्ही?"

"मी पाहुणी," मी म्हटलं.

"स्वयंपाक कशावर, आजी?"

"गॅसवर. चहा झालाय, घे आदी."

ते गेल्यावर आम्ही मागच्या दारी बसलो. मी विहिरीच्या फरशीकडे बघत होते, आणि मी तिकडे बघतेय हे आई बघत होती. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. तिनं एक म्हटलं म्हणून फरशी कोरडी होत नाही.

"काढ तुझी वही," आई म्हणाली. "लिही. मी सांगते."

मी वही काढली. तिनं सांगितलेली यादी अशी : पाणी शेजारीण काढून देईल, पण घागर नको, लहान कळशी हवी. फरशीवर काथ्याचं जाड पायपुसणं. न्हाणीत दांडा, कमरेएवढा, "तुझ्याकडच्यासारखा उंच नको." फोन मी करायचा नाही, ती करेल, सकाळी चहा झाल्यावर. आठ वाजेपर्यंत आला नाही तर मी शेजारणीला करायचा. आणि मुलीला सांगायचं, खोली तिचीच आहे.

मी मधे एकच भर घातली, मनगटाची तपासणी महिन्यानं. "लिही," ती म्हणाली, "पन तारीख मी ठरवीन."

परत येताना माझ्याकडे एकच पिशवी होती.

पुढच्या आठवड्यात आमच्या इमारतीत मोजणीवाल्या बाई आल्या. माझ्याच ओळखीच्या, दुसऱ्या शाळेतल्या. मोबाइल बघत म्हणाल्या, "तुमचं तर भरलेलं आहे, मॅडम. नुसतं पक्कं करायचं. राहणारी माणसं तीन ना?"

ओट्यावर लहान कुकर होता. मोठा मी सकाळीच माळ्यावर टाकला होता, खोक्यावर चिठ्ठी लावून. आईचा फोन आठला पाच कमी असताना आला होता.

"बदला तेवढं," मी म्हटलं. "दोन."