चारी बाजूंनी खिडकी

अक्का दुकानात शिरली की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सोलापूरच्या नवी पेठेत कुठलीही चादर तिला घडीत चालायची नाही. "उलगड की. घडीत सगळंच चांगलं दिसतंय," म्हणायची. मग या काठापासून त्या काठापर्यंत हात फिरवायची, उजेडात धरायची आणि पुष्कळदा न घेताच उठायची. मी तिची शेजारीण. बरोबर असले की मला लाज वाटायची. तिला कधी वाटली नाही.

अशी बाई जन्मात एकदाच न उलगडता काही घेऊन बसली.

तिचे मालक गिरणीत कामाला होते. कापसाच्या धुळीनं छाती भरलेली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात थोडे दिवस थंड, मोकळ्या हवेत न्या. लांब रजा वर्षातून एकदाच मिळायची. अक्कानं पेठेतल्या एका एजंटाकडून महाबळेश्वरची खोली ठरवली. ती त्याला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तो म्हणाला, "अक्का, दोन्ही बाजूंनी खिडक्या. हवाच हवा." मी तिला म्हटलं, "यानं खोली स्वतः बघितलीय का, विचार तरी." तर माझ्यावरच खेकसली, "आपल्यातलं पोरगं हाय. कपाळाला इभूत लावून खोटं बोलंल व्हय?"

मी चौथी शिकलेली, ती तेवढीही नाही. पाट्या वाचायला म्हणून मला बरोबर नेलं. खोली तळघरात निघाली. खिडकी एकच, तीही मोरीच्या भिंतीकडे उघडणारी. गाद्या ओलसर, भिंतींना बुरशी. हॉटेलवाला म्हणाला, "मला काय सांगता? एजंटानं हीच ठरवली. त्याला विचारा." दुसरी खोली मागितली तर म्हणे हंगाम आहे, सगळं भरलंय. मालक खोकून खोकून बेजार झाले. रजा संपायच्या आधीच परतलो, ते गेलो त्याहून वाईट अवस्थेत.

सोलापुरात एजंट म्हणाला, "हॉटेलवाल्याला विचारा. मी फक्त ठरवून देतो." हे सत्तर सालाच्या पुढचे दिवस. गिऱ्हाइकांसाठी वेगळं कोर्ट असतं, हे ऐकायला अजून कितीतरी वर्षं जायची होती. वकिलाकडे गेलो, तर त्यानं विचारलं, "लेखी काय आहे?" लेखी काय असणार? आपल्यातलं पोरगं होतं ना!

मग अक्का रोज एजंटाच्या बाकावर जाऊन बसायला लागली. गिऱ्हाईक आलं की विचारायची, "खोली कितव्या मजल्याला हाय, इचारलं का? खिडकी कुटं उघडती?" गिऱ्हाईक चपला घालून चालतं व्हायचं. एजंट काकुळतीला आला. "अक्का, पुढच्या वर्षी वरची खोली देतो. फुकट."

"खोली तू देशील रे तम्मा. गेलेली रजा कोण देणार? आन् ह्यांचा दम?"

शेवटी त्यानं समाजातली चार मोठी माणसं बोलावली. ती माणसं म्हणाली, "अक्का, आपल्यातलाच आहे. मिटवून टाका."

"आपल्यातला म्हणूनच फसले की. परक्याला धा प्रश्न इचारले असते."

त्यांनी एजंटाच्या हातून तिला खण-नारळ देववला. आमच्याकडे भांडण असंच मिटवतात. अक्कानं सगळ्यांदेखत खण उलगडला, हात फिरवला, दाराच्या उजेडात धरला. "खण चांगला हाय," ती म्हणाली. "आता खोली वाईट हुती, तेवढं एकदा तोंडानं म्हण."

एजंट चहा सांगायच्या निमित्तानं उठला. त्या चौघांपैकी एकाच्याही तोंडून "म्हण रे बाबा" निघालं नाही. अक्कानं खणाची घडी घातली, त्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही तिथंच सोडून निघून आली. एजंटापेक्षा मला त्या चौघांचा राग जास्त येतो. अजून येतो.

पुढच्या उन्हाळ्यात मालक प्रवासाला जाण्यासारखे राहिलेच नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांना धरून माळवदावर, घराच्या उघड्या छतावर, चढवायचो. तिथं बाज टाकलेली असायची. त्यांना टेकवून बसवलं की अक्का पदरानं घाम पुसत म्हणायची, "घ्या. चारी बाजूंनी खिडकी. एजंट दोनच म्हणत हुता."

मालक हसायचे आणि हसल्यामुळं खोकायचे. तेवढाच उन्हाळा मिळाला त्यांना.